गच्चीशी दोन हात

आमचं छत गळतंय हे मला पहिल्यांदा अग्रलेखातून कळलं. 2022 चा जुलै, रविवारची सकाळ. मी सोफ्यावर बसून अग्रलेख वाचत होतो आणि त्याच्या बरोबर मध्यावर टपकन एक थेंब पडला. त्या अग्रलेखात ओलावा म्हणावा असा तेवढाच होता. दुसरा थेंब चहात पडला, तिसरा माझ्या टकलावर. टकलावर पडला तेव्हा घरातल्यांना पटलं, कारण त्याचा आवाज आला.

बायकोने खाली पातेलं ठेवलं. स्टीलच्या पातेल्यात रात्रभर जलतरंग वाजू लागला, म्हणून तळाशी पंचा घातला. महिनाभरात पातेल्याची बादली झाली. पाहुणे यायचे असले की बादलीच्या जागी आम्ही मोठी फुलदाणी ठेवत असू. "फुलं किती टवटवीत!" असं एक मावशी म्हणाल्या. फुलांना पाणी घालावं लागत नव्हतं.

आम्ही पुण्यात राहतो, चार मजली इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. 16 घरं, लिफ्ट नाही. घर घेताना एजंट म्हणाला होता, "साहेब, वर कुणी नाही, डोक्याला ताप नाही." वर ऊन आणि पाऊस राहतात हे तो बोलला नाही. त्यातल्या उन्हाला मी कामाला लावलं होतं. त्याच वर्षी होळीच्या सुमारास गच्चीवर सौर बंब बसवून घेतला. महापालिका घरपट्टीत सवलत देते, आणि फुकटच्या उन्हावर पाणी तापवून अंघोळ करणाऱ्या माणसाला एक वेगळीच नैतिक उंची लाभते. पुढचे चार महिने मी जिन्यात भेटेल त्याला सूर्यशक्तीवर ऐकवत होतो. लोक मला पाहून दोन-दोन पायऱ्या गाळत उतरायला लागले होते.

माझं लहानपण कोकणात, कौलारू घरात गेलं. तिथे गळती शोधणं हे विश्रांतीचं काम होतं. मे महिन्यात शाकारणी निघाली की भर दुपारी आजोबा माजघरात चटई टाकून उताणे पडत. छतातून जिथे उन्हाचा कवडसा उतरे तिथलं कौल फुटलेलं किंवा सरकलेलं. "वाशापासून तिसरं, त्याच्या वरचं," असं ते पडल्या पडल्या सांगत आणि वर चढलेला गडी कौल बदलून टाके. निदान आणि वामकुक्षी एकाच चटईवर उरकत असे. बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. ती मंगलोरी कौलं आली आणि कवडसेही जरा आखीवरेखीव पडू लागले, एवढाच काय तो फरक. घाटावरच्या धाब्याच्या घरांचंही तसंच सरळ होतं. पावसाआधी वर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा आणि देवावर हवाला ठेवायचा.

स्लॅबला कवडसा पडत नाही. सगळी भानगड तिथे आहे. पाणी एका ठिकाणी आत शिरतं, कोब्याखालून गुपचूप दहा-पंधरा फूट चालत जातं आणि भलत्याच जागी टपकतं. कान एकाने भरायचे, भांडण तिसऱ्याच्या घरात, तसं.

सोसायटीच्या सभेत मी आदर्श उपविधींचं पुस्तकच घेऊन गेलो. पावसाच्या पाण्याने होणारी गळती थांबवण्याचा खर्च संस्थेचा, हे वाक्य मी कीर्तनकाराच्या आवाजात दोनदा वाचलं. सभासदाच्या घरातल्या मोरी-संडासाच्या गळतीचा खर्च सभासदाचा, हे वाक्य त्याच पानावर आहे. ते वाचायच्या वेळी मला पाणी प्यावंसं वाटलं.

तळमजल्यावरचे काका म्हणाले, "आमच्याकडे तर नाही गळत."

"काका, तुमच्या डोक्यावर तीन मजले आहेत."

"तेच म्हणतो मी. तीन मजल्यांना जमतं, तुम्हाला का जमत नाही?"

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा कामाला विरोध नव्हता. फक्त वाळवणं झाल्याशिवाय गच्चीला हात लावायचा नाही, एवढीच अट होती. वाळवणं मे अखेरीस संपतात आणि जूनमध्ये पाऊस येतो. त्या अटीपायी पहिली दोन वर्षं गेली.

2024 मध्ये वहिनींनी त्याग केला. त्यांनी कुरडया खिडकीत वाळवल्या आणि कंत्राटदार गच्चीवर यायला लागले. पहिले आले ते एक जुने मिस्त्री. त्यांनी हातातल्या काठीने गच्ची ठोकत ठोकत चालायला सुरुवात केली, डॉक्टर छाती ठोकून बघतात तशी. "पोकळ वाजतंय," ते म्हणाले. मीही ठोकून पाहिलं. मला सगळीकडे सारखंच ऐकू आलं, पण मी गंभीर झालो. त्यांचं म्हणणं, जुना सगळा कोबा उखडायचा, विटांचे तुकडे बसवून, उतार काढून नवा घालायचा, वर चिनी टाइलचे तुकडे. "मग तुमच्या नातवापर्यंत बघायला नको." आमच्या सोसायटीत एक निवृत्त इंजिनिअर आहेत. त्यांनी कागदावर आकडे मांडले: कोब्याचं वजन चौरस फुटाला वीसएक किलो, गच्ची 1800 चौरस फूट, म्हणजे 36 टन. "साधारण आठ हत्ती," ते शांतपणे म्हणाले. तळमजल्यावरचे काका ताडकन उठले. "आठ हत्ती वर, आणि आम्ही खाली?" गच्ची आपलीही आहे, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच जाणवलं.

दुसरा डांबरी मेम्ब्रेनवाला. गुंडाळीतून काळी चादर उलगडायची, गॅसच्या ज्वाळेने भाजून चिकटवायची. मी विचारलं, "काळ्या रंगाने घर तापणार नाही?" तो म्हणाला, "वरून चंदेरी मारू की." एप्रिलमध्ये आमच्या घरात आधीच पंखा गरम वाऱ्याची झुळूक देतो. त्यावर काळी चादर अंथरली असती तर सौर बंबाची गरजच उरली नसती, नळ उघडला की झालं.

तिसरा इस्त्रीच्या शर्टात आला, लॅपटॉप घेऊन. त्याने सभेसमोर रबरासारख्या पापुद्र्याचा एक तुकडा काढला आणि हातभर ताणून दाखवला. "स्लॅब दिवसा उन्हात पसरतो, रात्री आकसतो. सिमेंटला ते झेपत नाही, भेगा पडतात. हे इलॅस्टोमेरिक आहे, भेगेबरोबर ताणलं जातं." तुकडा हातोहात फिरला. प्रत्येकाने ताणला. खजिनदारांनी पैसे खर्च होणार या भावनेने जरा जोरात ताणला आणि तो तुटला. "हे सँपल जुनं आहे," इस्त्रीचा शर्ट म्हणाला. तिघांचं फक्त एका बाबतीत एकमत होतं: आधीच्या माणसाने तुम्हाला फसवलंय.

इस्त्रीच्या शर्टाला काम मिळालं. दर ठरायला दहा मिनिटं लागली, रंग ठरायला तीन सभा. पांढरा ऊन परतवतो, खालचं घर थंड राहतं, हे मी घसा फोडून सांगितलं. पण पांढऱ्यावर घाण दिसते, हिरव्यावर शेवाळ ओळखू येत नाही, आणि निळा लावला तर विमानातून स्विमिंग पूल वाटेल आणि कर लागेल, असे मुद्दे निघाले. शेवटी विटकरी ठरला. तो कुणालाच आवडला नाही, म्हणून एकमताने मंजूर झाला.

काम सुरू झालं ते खरवडण्यापासून. आमच्या गच्चीचं ते उत्खननच होतं. वर चंदेरी, त्याखाली करडा, मग डांबर, डांबरात कुणाच्या तरी चपलेचा ठसा, त्याखाली पुन्हा करडा. दर काही वर्षांनी कुणीतरी गळतीवर एक थर चढवून गेलं होतं. करड्या थरात एक अख्खी कुरडई चिकटलेली निघाली. वहिनींना बोलावलं. त्यांनी ती उजेडात धरली आणि म्हणाल्या, "सासूबाईंच्या हातची. त्यांचे वेढे असेच सैल पडायचे."

भेगा बुजवण्याआधी कारागीर त्या छिन्नीने रुंद करत होता. मी घाबरून विचारलं. "बारीक भेगेत माल जात नाही साहेब. आधी मोठी करायची, मग भरायची." आमच्या सोसायटीत मतभेदांचंही असंच करतात, फक्त भरायचं राहून जातं. कठड्याच्या कडेने त्याने सिमेंटचा गोल वाटा काढला, कोटिंग भिंतीवर वीतभर चढवलं, एक हात उभा, मध्ये जाळी, दुसरा हात आडवा. काम खरंच नेटकं होतं. हे मी आज म्हणू शकतो.

मग पाणी भरून चाचणी. पन्हळींची तोंडं बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी अठ्ठेचाळीस तास उभं ठेवायचं. दोन इंच ऐकायला किरकोळ वाटतं, पण 1800 चौरस फुटांना ते साडेआठ हजार लिटर होतं. ऐन मे महिन्यात, खाली नळाला करंगळीएवढी धार असताना, आम्ही टँकर मागवून पाणी गच्चीवर ओतलं. त्यात मी रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग कालवला. हेतू असा, की पाणी घरात उतरलं तर ते गच्चीचंच होतं हे सिद्ध व्हावं. कवडसा नाही तर नाही, गुलाबी डाग तरी पडेल. लोकांनी रात्री बादल्या लावून ते पाणी पळवलं आणि दोन दिवस तीन मजल्यांवरचे संडास गुलाबी झाले. आमचं छत मात्र कोरडं. एक थेंब नाही. मी पेढे वाटले, सचिवांनी चेक दिला.

जूनचा सरळ पाऊस झाला, काही नाही. जुलैत पश्चिमेचा वारा सुटला, पाऊस आडवा झोडपू लागला आणि अग्रलेखावर थेंब पडला. स्वच्छ, पारदर्शक थेंब. दोन इंच पाण्याखाली दोन दिवस न गळलेली गच्ची तासाभराच्या आडव्या सरीने का गळते, हा प्रश्न कोणत्याही शहाण्या माणसाला पडला असता. मी फोन उचलला आणि कंत्राटदारावर ओरडलो.

"काका, आमची सात वर्षांची गॅरंटी आहे."

"मग गळतंय कसं?"

"गॅरंटी कोटिंगची आहे काका. कोटिंग कुठे गेलंय का? आहे ना जागेवर?"

त्या रात्री मी ठरवलं, आता आपणच करायचं. निवृत्त माणसाने असे निर्णय रात्री घेऊ नयेत, पण दिवसा झोप येते.

मी अभ्यासाला बसलो. अ‍ॅक्रिलिक, पीयू, पावडर आणि द्रव मिसळायचं दोन भागांचं सिमेंटी. पीयू म्हणजे पुणे युनिव्हर्सिटी असं मी चार दिवस समजत होतो आणि विद्यापीठ या धंद्यात शिरल्याचं मला वाईटही वाटलं होतं. ते पॉलियुरेथेन निघालं. अ‍ॅक्रिलिक स्वस्त, उन्हाला टिकतं, पण त्यावर पाणी साचून राहिलेलं त्याला मानवत नाही. दोन भागांचं सिमेंटी मिसळलं की तासाभराच्या आत संपवावं लागतं, नाहीतर बादलीतच घट्ट होतं आणि मग तुमची बादली तेवढी कधीच गळत नाही. पीयू चांगलं, पण दर ऐकून मी दुकानदाराला पुन्हा अ‍ॅक्रिलिककडे वळवलं.

"किती वर्षांचं देऊ?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"पाच वर्षांचं, आठ वर्षांचं, बारा वर्षांचं."

माझं वय तेव्हा 66. मी मनात बेरीज केली. बाराचं घेतलं तर छत मागे उरेल अशी शक्यता दिसत होती. पाचाचं घ्यावं तर तो माझ्या तब्येतीवरचा अविश्वास. "आठाचं द्या," मी म्हणालो, आणि दुकानदाराने माझ्याकडे जरा निरखून पाहत डबा काढला.

डब्यावर लिहिलेलं क्षेत्रफळ हे बहुधा काचेवर मोजलेलं असतं. आमची गच्ची काच नाही. पहिल्या हातालाच ती तहानलेल्या बैलासारखी माल प्यायली. हॉलच्या वरच्या चारशे फुटांसाठी आणलेले वीस लिटर निम्म्यात संपले, मग आणखी वीस. चार मजले, लिफ्ट नाही, हे मी मघाशी सांगितलंय. दर मजल्यावर एकेक शेजारी दार उघडून "काय, रंगकाम?" असं विचारायचा आणि उत्तर ऐकून दार लावायचा.

तारीख होती 25 मे 2025. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: पृष्ठभाग कोरडा असावा आणि चोवीस तास पावसाची शक्यता नसावी. आधीचे काही दिवस वळीव पडून गेला होता, पण रविवारी सकाळी ऊन पडलं. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, हे मला शाळेपासून पाठ आहे. मी लेंगा दुमडला आणि रोलर हातात घेतला. पहिला हात उभा. चष्म्यावर पांढरे ठिपके पडले, त्यामुळे कुठे लावलंय आणि कुठे नाही हे कळेना; मग जिथे चप्पल चिकटत होती तिथे लावलंय असं धरून पुढे गेलो. दोन कबुतरं सगळा वेळ कठड्यावर बसून बघत होती. मी चहाला खाली गेलो तेव्हा त्यांनी पाहणी केली. त्यांच्या पावलांचे ठसे अजून आहेत. दुपारी चारला दुसरा हात आडवा. पाचला मी कमरेवर हात ठेवून माझ्या पांढऱ्याशुभ्र चारशे फुटांकडे पाहत उभा होतो. साडेपाचला आभाळ काळं झालं.

त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईत 26 मे रोजी पोहोचला, नेहमीच्या 11 जूनऐवजी. आमच्या गच्चीवर त्याने आदल्या संध्याकाळीच माणूस पाठवला होता. मी ताडपत्री आणायला धावलो. ती हॉलमधल्या सोफ्यावर होती. परत येईपर्यंत दुसरा हात निघून गेला होता. पांढरं दूध विटकरी गच्चीवरून वाहत पन्हळीत शिरलं आणि चार मजले उतरून तळमजल्यावरच्या काकांच्या काळ्या स्कूटरवर कोसळलं. काकांनी ती सकाळीच धुतली होती.

"अहो," ते खालून ओरडले, "वर अभिषेक चाललाय का?"

बंब बसवणारा मुलगा जूनमध्ये वार्षिक सफाईला आला. संध्याकाळची वेळ, दिवसभर धो धो पडून नुकतीच उघडीप झालेली. मी त्याच्याबरोबर गच्चीवर उभा राहून माझ्या पराक्रमाचे उरलेले पांढरे बेटासारखे तुकडे बघत होतो. तो पश्चिमेच्या कठड्यापाशी थांबला.

"साहेब, हे भोक अजून बुजवलं नाहीत?"

"कसलं भोक?"

"पाइपचं. भिंतीतून पलीकडे काढलाय ना."

"कुणी पाडलं हे?"

"मीच की. बंब बसवला तेव्हा. मी म्हणालो होतो लगेच बुजवा. तुम्ही म्हणालात, राहू दे, सोसायटीच्या रंगाच्या वेळी बघू."

मी वाकून पाहिलं. वाट्यापासून हातभर वर, कोटिंग जिथे संपत होतं त्याच्याही वर, पाइपच्या भोवती मूठभर पोकळी. पश्चिमेचा पाऊस सरळ त्यात घुसत होता, कठड्याच्या विटांमधून कोब्याखाली उतरत होता आणि माझ्या अग्रलेखापर्यंत येत होता. दोन इंच गुलाबी पाणी तिथवर पोहोचण्याची शक्यताच नव्हती. ऊन तिरपं झालं होतं. पाइपच्या कडेने एक कवडसा आत येऊन माझ्या पांढऱ्या कोटिंगवर पडला होता. आजोबांनी चटईवरून बोट केलं असतं.

मुलाने सीलंटची अर्धी नळी पिळली, पाच मिनिटांत बोटाने सारखं केलं आणि शंभर रुपये मागितले. मी पाचशे दिले. "उरलेले?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "ते कुणाला न सांगण्याचे."

त्यानंतर सबंध पावसाळा छत कोरडं राहिलं. कंत्राटदाराने सचिवांना फोन करून सांगितलं, की कोटिंगला मुरायला एखादं वर्ष लागतंच. सचिवांनी वार्षिक सभेत, स्वखर्चाने गच्चीची काळजी घेणारा सभासद म्हणून मला शाल आणि नारळ दिला. मी घेतला. तळमजल्यावरच्या काकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण त्याचं कारण स्कूटर. सभासदाने स्वतः पाडून घेतलेल्या भोकाबद्दल उपविधींत काय म्हटलंय ते मी वाचलेलं नाही. पुस्तक माळ्यावर टाकलंय आणि माळ्यावर चढायला डॉक्टरांची मनाई आहे.

हल्ली आजूबाजूच्या इमारतींतले लोक सल्ला विचारायला येतात. मी त्यांना अ‍ॅक्रिलिक, पीयू, जाळी, वाटा, उभा हात, आडवा हात सगळं सविस्तर सांगतो, चहा देतो. तुमचंही छत गळत असेल तर या. सोसायटीतलं कुणी बरोबर नसेल असं पाहून या, म्हणजे मला तुम्हाला एवढंच विचारता येईल, की बंब कोणत्या साली बसवलात?